घोड्याच्या पोटाखालचा शब्द

जुन्या नाण्यांच्या प्रतिकृती करणारे कारागीर त्या बाजारात एके काळी पाच-सहा तरी होते. कायदा आला आणि ते एकेक करून दुसऱ्या कामांना लागले. कुणी शाळांचे बिल्ले पाडू लागला, कुणी किल्ल्या घासू लागला. उरला तो ठसेकार. कायद्याने धंद्यावर बंदी घातली नव्हती, एक अट तेवढी घातली होती. संग्राहकांना हव्याशा वाटणाऱ्या कोणत्याही नाण्याची प्रतिकृती करायची, तर तिच्या दर्शनी बाजूवर ‘प्रतिकृती’ हा शब्द धातूतच उमटलेला असला पाहिजे. शाईने चालणार नाही, चिकटपट्टीने चालणार नाही, कडेवर लपवून चालणार नाही. अक्षरांची उंची ठरलेली, खोली ठरलेली, आणि नुसत्या डोळ्यांना वाचता येणे बंधनकारक. हा शब्द नसलेला तुकडा बनवणे हा बनवणाऱ्याचा गुन्हा. असलेला शब्द घासून काढणे हा घासणाऱ्याचा. आणि तसला तुकडा अस्सल म्हणून किंवा काहीच न सांगता विकणे हा विकणाऱ्याचा. ठसेकाराला ही कलमे तोंडपाठ होती. कुणी विचारले नाही तरी तो ती म्हणून दाखवी, आणि म्हणताना त्याच्या आवाजात जी धार येई ती ऐकणाऱ्याला कायदानिष्ठा वाटे.

वस्तुतः तो त्या शब्दावर जळत असे. बाकीच्यांनी धंदा सोडला तो नफा आटल्यामुळे. याचे दुखणे निराळे होते. एका विस्मृत राजाचे चांदीचे नाणे होते, त्यावर उजवा पाय उचललेला घोडा. बाजारात त्याला नुसते ‘घोडा’ म्हणत. संग्रहालयाच्या विक्रीकक्षासाठी या घोड्याचा ठसा ठसेकाराने पोलादात कोरला, तेव्हा कित्येक आठवडे तो घरी असूनही घरात नसे. मानेवरचा केस न् केस, उचललेल्या पायातला ताण, फुगलेली नाकपुडी. घोडा पुरा झाला त्या दिवशी त्याने तो बायकोला भिंगातून दाखवला. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “हा आता हलेल.” उभ्या आयुष्यात मिळालेली ही त्याची सर्वांत मोठी पावती. आणि मग त्याच ठशात, घोड्याच्या पोटाखालच्या मोकळ्या जागेत, त्याला तो शब्द खोदावा लागला. दुसरीकडे जागाच नव्हती. स्वतः रचलेल्या भिंतीवर स्वतःच ‘ही भिंत नाही’ असे लिहावे, तसे त्याला वाटले.

त्याची खोली एका शिंप्याच्या दुकानावर होती. उत्तरेकडे खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलावर ठसा टेकवायला वाळू भरलेली चामड्याची उशी, आणि भिंतीलगत जुने दाबयंत्र. यंत्राचा दांडा खाली आला की सगळी जमीन हुंकार भरी आणि खालून शिंप्याचा आवाज येई, “वरचे साहेब, अहो, माझ्या सुईला हादरे बसतात! एखादी बाही पायजम्याला लागली तर जबाबदार कोण?” ठसेकार वरून ओरडे, “पायजमा तरी म्हणतील ना त्याला? माझ्यासारखं ‘पायजम्याची प्रतिकृती’ लिहावं लागत नाही ना तुम्हाला?” शिंपी हसे. ठसेकार हसत नसे.

एवढ्यावर भागले असते तर त्याचा हेवा एका शब्दापुरता राहिला असता. परंतु त्याच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे त्याचा साडू, जुनी नाणी विकत असे, आणि ती अस्सल असत.

साडूचे दुकान मोठ्या रस्त्यावर होते. काचेचा दरवाजा, जो आवाज न करता बंद होई. आत निळ्या मखमलीचे उथळ कप्पे. आणि साडू, जो नाणे नेहमी कडेला धरून उचली, त्याच्या मुखाला बोट लागू देत नसे. तो फार बोलत नसे. गिऱ्हाईक विचारी, “हे खरं आहे?” साडू म्हणे, “हो.” आणि ते एका अक्षरावर खपे. ठसेकाराला हे कधी पचले नाही. त्याला हा प्रश्न कुणी विचारीतच नसे, कारण त्याचे उत्तर त्याने स्वतःच्या हाताने आधीच खोदून ठेवलेले असे. साडूने आयुष्यात काही घडवले नव्हते. कोरणी कशी धरतात हे त्याला ठाऊक नव्हते. कुणा मेलेल्या माणसाने कोरलेला घोडा मखमलीवर ठेवून तो ‘हो’ म्हणत असे, आणि जग त्याच्यापुढे मान तुकवीत असे. ठसेकाराच्या मते हा एक प्रकारचा दरोडाच होता, फक्त तो कोणत्या कलमात बसत नव्हता.

हेव्याला एकदा जागा मिळाली की तो सामान वाढवीत जातो. ठसेकाराला हळूहळू साडूचे सगळेच डोळ्यांत खुपू लागले. त्याची शर्टाची कॉलर, त्याचा हलका आवाज, दारात चपला सरळ काढून ठेवण्याची त्याची सवय. साडूचे केस पांढरे झाले तेही नीट, दोन्ही कानांवर सारखे. ठसेकाराचे मात्र मधूनच, उंदराने कुरतडल्यासारखे. सासऱ्यांकडे सगळे जमत तेव्हा निवृत्त भूमापक असलेले सासरे धाकट्या जावयाला शेजारी बसवून घेत आणि म्हणत, “सांगा, या महिन्यात काय विशेष हाती लागलं?” थोरल्या जावयाला ते विचारीत, “काम बरं चाललंय ना?” दोन प्रश्नांमधले हे अंतर ठसेकार मनातल्या मनात मोजत राही, आणि जमिनी मोजण्यात हयात गेलेल्या सासऱ्यांना ते दिसू नये याचे त्याला नवल वाटे.

अशाच एका जेवणात मेव्हणी बोलून गेली, “आमच्या बाबांचं नशीब थोर. एक जावई अस्सल आणि एक प्रतिकृती!”

सगळे हसले. ठसेकार सर्वांत मोठ्याने हसला. साडू तेवढा हसला नाही. त्याने बायकोकडे पाहून नापसंतीने मान हलवली, आणि ती मान ठसेकाराच्या जास्त जिव्हारी लागली. परतताना बायको म्हणाली, “गंमत केली हो तिने. मनाला लावून घेऊ नका.”

“मी हसलो ना?”

“हसलात. दात दिसले, बाकी काही नाही.”

पुढे घडले ते असे. तपासणी कार्यालयातली निरीक्षक बाजारातून फेरी मारीत असता साडूच्या दुकानात एका घोड्यापाशी थबकली. नाणे चांगले होते, परंतु घोड्याच्या पोटाखाली बरोबर त्या मोकळ्या जागेत एक घासल्याची खूण होती: गुळगुळीत, किंचित खोलगट, बाकीच्या धातूपेक्षा निस्तेज. साडूने शांतपणे सांगितले की पूर्वी कुणी तरी या नाण्याचे कोटाला बटण केले होते. घोड्याच्या बाजूला डाख देऊन, म्हणजे धातू वितळवून जोडून, कडी बसवली होती, ती नंतर काढून जागा घासलेली आहे. खुलासा पटण्याजोगा होता. परंतु ठसेकाराच्या प्रतिकृतीवर शब्द नेमका तिथेच असे, आणि निरीक्षकेला बाजारातला प्रत्येक घोडा ठाऊक होता. शब्द घासलेली प्रतिकृती अस्सल म्हणून विकायला ठेवली, असे ठरले तर साडूचा परवाना जाणार होता. तिने नाणे ताब्यात घेतले, त्या घासल्या जागेवर चाचणी करायला साडूची संमती घेतली, आणि तोवर घोड्याचा कप्पा रिकामा ठेवायला सांगितले. शेवटी कार्यालयात ठसेकाराचा जबाब व्हायचा होता. प्रतिकृती ज्याची असल्याचा संशय, त्याला विचारल्याखेरीज प्रकरण निकाली काढता येत नसे.

ही बातमी बायकोने घरी आणली तेव्हा ठसेकाराच्या आत काही तरी गोड वितळले. त्याने ते चेहऱ्यावर येऊ दिले नाही. “वाईट झालं,” तो म्हणाला आणि पाणी प्यायला. मग पुन्हा म्हणाला, “फार वाईट झालं.”

“एकदा म्हटलंत तेवढं पुरे,” बायको म्हणाली. “दुसऱ्यांदा म्हणताना बरं वाटल्यासारखं ऐकू येतं.”

जबाबाच्या आदल्या दिवशी मेव्हणी जिना चढून त्याच्या खोलीवर आली. ती यापूर्वी तिथे कधी आली नव्हती. उभ्या उभ्याच तिने यंत्राकडे, कानशींकडे, चामड्याच्या उशीकडे पाहिले, आणि स्टुलावरची धूळ पदराने झटकून बसली.

“भाऊजी, तुम्हाला उद्या बोलावलंय.”

“बोलावलंय.”

“तुम्ही जे खरं असेल तेच सांगा. त्याहून जास्त काही नको. हे म्हणतात, साडूभाऊंनी एकदा पाहिलं की प्रश्न मिटला.”

ठसेकाराला बरे वाटले. क्षणभर त्याला असेही वाटले की आपण उद्या जाऊ, खरे असेल ते सांगू, आणि सासऱ्यांच्या घरी पुढच्या वेळी कुणी तरी आपल्यालाही विचारील, “सांगा, काय झालं ते.” तो चहा मागवणार इतक्यात मेव्हणीने, धीर देण्याच्या भरात, एक वाक्य जास्तीचे जोडले. “आणि यांचं म्हणणं, काळजीचं कारणच नाही. खरा घोडा आणि तुमचा घोडा, आंधळासुद्धा बोटाने चाचपून वेगळे करील.”

चहा मागवायचा राहिला.

ती गेल्यावर त्याने दाबयंत्रातून एक घोडा काढला आणि डोळे मिटून त्यावरून बोट फिरवले. मग दुसरा काढला. आंधळा. आंधळासुद्धा! कोरणी कुठल्या बाजूने धरतात ते ठाऊक नसलेला माणूस हे बोलतो, आणि बोलतो कुणाशी, तर बायकोशी, म्हणजे उद्या ते सासऱ्यांपर्यंत जाणार. त्या रागात त्याला एक गोष्ट जाणवली नाही ती अशी, की आपल्याला मनातून ज्याची भीती होती बरोबर तेच ऐकावे लागले, म्हणून ते एवढे लागले. खालून शिंपी काही तरी ओरडला. ठसेकाराने यंत्राचा दांडा पुन्हा खाली ओढला.

कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होते. लांब टेबल, त्यावर हिरवे कापड, मान वाकवता येणारा दिवा. साडू आधीच येऊन बसला होता. ठसेकार आत येताच तो उठून उभा राहिला. “या, साडूभाऊ. माझ्यामुळे तुम्हाला उगाच हेलपाटा.”

“कायदा आहे,” ठसेकार म्हणाला.

निरीक्षक चष्मा पुसत म्हणाली, “तुम्ही नातलग आहात हे मला माहीत आहे. म्हणून दोघांनीही मी विचारेन तेवढंच सांगायचं. नाण्याबद्दल. एकमेकांबद्दल नाही.”

“आमच्यात काही भांडण नाही, मॅडम,” साडू म्हणाला.

“भांडणारे नातलग सोपे असतात हो. ते निदान सगळं बोलून टाकतात.” तिने कापडावर नाणे ठेवले आणि दिवा ठसेकाराकडे सरकवला. “बघा. हे तुमचं काम आहे का?”

ठसेकाराने भिंग डोळ्याला लावले.

त्याला पहिल्याच नजरेत कळले. ही चांदी आतून जुनी झाली होती. तिचा काळेपणा वरून चोपडलेला नव्हता, खाचांच्या तळातून वर आलेला होता. घासलेली जागा डाखाची होती. कडेला जुन्या डाखाचा पिवळसर कण अजून चिकटलेला होता. आणि घोड्याच्या मानेमागे, आयाळ संपते तिथे, एक बारीक रेघ मोकळ्या जागेत निसटून गेली होती. मूळ कोरणाऱ्याचा हात घसरला होता. ठसेकाराने ती रेघ पूर्वी संग्रहालयातल्या नाण्यावर पाहिली होती, आणि स्वतःच्या ठशात ती घेतली नव्हती.

तो त्या रेघेकडे पाहत राहिला. कुणी एक माणूस, ज्याचे नाव कुणाला ठाऊक नाही, काम करता करता चुकला. त्याने चूक सुधारली नाही. बहुधा पोटापाण्याच्या घाईत असेल, बहुधा त्याला ती दिसलीच नसेल. तरी त्याचा घोडा मखमलीवर बसतो. आणि आपण ती चूक होऊ दिली नाही, प्राण ओतून घोडा सरळ केला, तर आपल्या घोड्याच्या पोटाखाली शब्द. इतका वेळ त्याचा हेवा साडूभोवती घोटाळत होता. त्या भिंगात तो त्या मेलेल्या माणसापर्यंत जाऊन पोहोचला. वर पाहिले तर साडू हात मांडीवर ठेवून, निश्चिंत बसलेला. चेहऱ्यावर काळजीचा लवलेश नाही. जणू उत्तर आधीच ठरलेले आहे आणि ठसेकार ते फक्त वाचून दाखवायला आला आहे.

“माझा आहे,” ठसेकार म्हणाला.

साडूने मान वर केली. तो रागावला नाही. “साडूभाऊ, जरा पुन्हा एकदा बघता?”

“माझा हात मी ओळखणार नाही?”

“नाही, तसं नाही…”

“आंधळासुद्धा ओळखील,” ठसेकार म्हणाला, आणि आपले शब्द खोलीभर कसे पसरतात ते त्याने कान देऊन ऐकले. असा आनंद त्याला फार दिवसांत झाला नव्हता. एकाच वाक्यात साडूचे दुकान खाली आले होते आणि त्याचा घोडा शतकानुशतके मागे जाऊन अस्सल झाला होता.

निरीक्षकेने लगेच काही लिहिले नाही. “नक्की?”

“नक्की.”

“मग शब्द कुठे आहे?”

“घासलाय. इथे, पोटाखाली. दिसतंय की.”

“हं.” तिने टेबलाच्या खणातून एक फोटो काढून ठेवला. त्यात ती घासलेली जागा मोठी करून दाखवली होती. “कायद्यात अक्षरांची खोली का ठरवून दिलीय, ठाऊक आहे ना तुम्हाला?”

ठसेकाराला ठाऊक होते. त्या क्षणापर्यंत ते त्याला आठवले नव्हते एवढेच. शब्द जोराने दाबला की त्याच्याखालचा धातूही दबतो. वरची अक्षरे कितीही घासली तरी तो दाब आत राहतो, आणि तिथे आम्लाचा थेंब टाकला की गेलेली अक्षरे पुन्हा अंधूक वर येतात. या खोलीमुळेच त्याचा ठसा लवकर झिजत असे. यावरून त्याने कार्यालयाच्या नावाने किती वेळा बोटे मोडली होती. बाजारातला दुसरा कुणी असता तर ‘सांगता येत नाही’ म्हणून मोकळा झाला असता. अभिमानापोटी या सापळ्यात पाय घालू शकेल असा माणूस त्या सबंध बाजारात एकच होता.

“चाचणी परवाच झाली,” निरीक्षक म्हणाली. “दोघांनाही मुद्दाम सांगितलं नाही. जबाब स्वतंत्र हवा असतो. या जागेखाली एकही अक्षर आलेलं नाही. म्हणजे इथे शब्द कधी नव्हताच. नाणं तुमचं नसेल, तर विषय संपला. तुमचं असेल, तर ते शब्दाशिवाय तुमच्या खोलीबाहेर पडलं. तो गुन्हा विकणाऱ्याच्या आधी बनवणाऱ्याचा. तुम्हाला कलम सांगायला नको.”

कलम सांगायला खरोखरच नको होते.

“मॅडम,” साडू हलक्या आवाजात म्हणाला, “त्यांची काही तरी गफलत होतेय. दिवसभर बारीक काम असतं. डोळे थकतात.”

तो त्याला वाचवीत होता. दार उघडून देत होता, नेहमीसारखे, आवाज न करता.

“जबाब बदलता येतो,” निरीक्षक म्हणाली. “पण आधी असं का सांगितलं त्याचं कारण लिहावं लागेल, आणि हे नाणं तुमचं नाही हे तुम्हीच दाखवून द्यावं लागेल. नजरचूक झाली असं म्हणणं असेल तर तसं लिहिते. मात्र मग नेत्रतपासणीचा दाखला लागेल. ठसे कोरण्याचा परवाना दृष्टीवरच असतो.”

तिने नमुन्यांच्या कपाटातून ठसेकाराचा घोडा काढला, जो नियमाप्रमाणे तिथे जमा होता, आणि दुसऱ्या घोड्याशेजारी ठेवला.

ठसेकाराने दिवा डावीकडे ओढला. मग त्याने खिशातल्या कोरणीच्या टोकाने दाखवायला सुरुवात केली: इथे मुळाचा धातू ठशाखाली वाहत गेला आहे, कारण ते हाताने, हातोड्याच्या एका ठोक्यात पाडलेले आहे, इथे माझा धातू स्थिर आहे, कारण माझे यंत्र सावकाश दाबते. इथे त्याच्या पायाची शीर एका झटक्यात आलेली आहे. माझी तीन वेळा फिरून आलेली. बोलता बोलता त्याला शब्द सापडू लागले, आवाज मोकळा झाला, साडू नकळत खुर्ची पुढे ओढून वाकला, निरीक्षकेने लिहिणे थांबवले. आणि मग ठसेकाराच्या ध्यानात आले की आपल्या तोंडून निघणारे प्रत्येक वाक्य साडूच्या नाण्याची तारीफ करते आहे. थांबता येत नव्हते. परवाना त्या वाक्यांवर टांगलेला होता.

“आणि ही रेघ,” तो शेवटी म्हणाला. “इथे त्याचा हात घसरला. माझ्यात ती नाही.”

“का नाही? प्रतिकृती म्हणजे जसंच्या तसं ना?”

“बघवली नाही मला.”

“म्हणजे तुम्ही त्याची चूक दुरुस्त केलीत.”

“केली.”

“आणि म्हणून तुमचा घोडा मुळाशी जुळत नाही.”

“जुळत नाही,” ठसेकार म्हणाला.

तिने लिहून घेतले. “आता कारण. नजरचूक लिहू?”

साडूने मान खाली घातली. त्याला अवघडल्यासारखे झाले होते, आणि त्याचे अवघडणेसुद्धा सभ्य होते. ठसेकाराला फक्त ‘हो’ म्हणायचे होते. एका अक्षरावर सगळे मिटले असते. परंतु नजरचूक? ज्या डोळ्यांना तो डाखाचा कण दिसला, ती निसटती रेघ दिसली, त्या डोळ्यांवर कुणी दाखला मागणार? आणि तो दाखला आणायला डॉक्टरकडे सोबत साडूच येणार, हेही त्याला स्पष्ट दिसले.

“डोळे ठीक आहेत माझे,” तो म्हणाला. “हा अस्सल आहे हे मला बघताक्षणी कळलं होतं.”

“मग?”

“यांच्याकडे असलेला मला बघवेना.”

निरीक्षकेने लेखणी वर धरली. “हे असंच लिहू?”

“असंच लिहा.”

तिने लिहिले. नाणे साडूला परत मिळाले. खोटा जबाब दिल्याबद्दल ठसेकाराला ताकीद मिळाली, आणि वर्षभर त्याच्या प्रत्येक नव्या ठशाची तपासणी तिथे व्हावी असा शेरा पडला. रस्त्यावर आल्यावर साडू म्हणाला, “तुम्ही डोळ्यांचं सांगितलं असतं तरी चाललं असतं, साडूभाऊ. मी कधी कुणाला बोललो नसतो.”

“ठाऊक आहे मला,” ठसेकार म्हणाला. “म्हणूनच नाही सांगितलं.”

नंतर काही दिवस तो सासऱ्यांकडून येणाऱ्या निरोपाची वाट पाहत राहिला. निरोप आला नाही. बायकोच्या वागण्यात, तो कितीही बारकाईने न्याहाळत असला तरी, काही फरक नव्हता. मग एका दुपारी मेव्हणी पुन्हा जिना चढून वर आली, आणि या वेळी दारातूनच म्हणाली, “भाऊजी, तुमचे उपकार कसे फेडायचे सांगा.”

“कसले उपकार?”

“अहो, तुम्ही नसता तर दुकान गेलं असतं. हे सांगत होते. बाबांनाही सांगितलं त्यांनी.”

ठसेकाराने हातातली कानस खाली ठेवली. “हे बघ. मी आधी तो माझा आहे असं सांगितलं होतं. मुद्दाम. त्यांचं दुकान बसावं म्हणून.”

मेव्हणी हसत सुटली. “हे म्हणालेच होते! भाऊजींचे आभार मानायला जाशील तर ते असलंच काही तरी सांगतील. त्यांना कौतुक घेता येत नाही.”

“मी खरं सांगतोय.”

“हो, हो. बाबा म्हणाले, थोरल्या जावयाला आम्ही आजवर ओळखलंच नाही.”

त्याने तिच्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. साडूने ठसेकाराच्या नावावर एवढा मोठा चांगुलपणा जमा करून ठेवला होता आणि तो परत करायला जागाच ठेवली नव्हती. आता आयुष्यभर सासऱ्यांच्या शेजारी बसून तो वागवायचा.

“आणखी काय म्हणाले?” त्याने विचारले.

“कोण?”

“तुझा नवरा.”

“म्हणाले, तुम्ही दोन्ही घोडे शेजारी ठेवून असं काही समजावलंत की त्यांनी ते नाणं पहिल्यांदाच पाहिलं. इतकी वर्षं नुसतं विकत होते म्हणे. आता रोज दुकान उघडलं की आधी तोच बाहेर काढून बघत बसतात. गिऱ्हाईक मागतंय तरी देत नाहीत. विकायचा नाही म्हणतात.”

ठसेकार खिडकीकडे वळला. दुकान साडूचे होते, मखमल साडूची होती, सासरे साडूचे होते; पण तो घोडा पाहता येणे, ही एक गोष्ट आजवर त्याची एकट्याची होती. तीही त्याने स्वतःच, कोरणीच्या टोकाने दाखवून दाखवून, देऊन टाकली होती.

“दिवा कुठून धरतात?” त्याने न वळता विचारले.

“दिवा? समोरूनच असेल की. का हो?”

“समोरून काही दिसणार नाही. डावीकडून धरायला सांग. आणि खाली, टेबलाच्या बरोबरीने. आयाळ तेव्हाच उठते.”

“सांगते हं,” मेव्हणी म्हणाली, आणि विसरू नये म्हणून ‘डावीकडून, खाली’ असे पुटपुटत जिना उतरू लागली. ती शेवटच्या पायरीवर पोहोचेपर्यंत ठसेकाराला तिला हाक मारावी असे वाटत राहिले. हे तरी सांगायला नको होते.